वायनरीत गेलो आणि पाईप धुणं बघून आलो

परवा एका छोट्या वायनरीत जाऊन आलो, छोटी म्हणजे खरंच छोटी, एक शेड, स्टीलच्या सात-आठ टाक्या, मागे थंड खोलीत लाकडी पिंपं आणि माणसं दोनच, वाइन बनवणाऱ्या ताई आणि त्यांचा मदतनीस. मला वाटलेलं मस्त ग्लास हातात घेऊन फिरायचं. गेल्या गेल्या दिसलं काय तर दोघंही पाईप धुतायत!

ताईंनी आधी एक काळं द्राक्ष हातावर चिरडून दाखवलं. आतला रस जवळपास बिनरंगी. रंग सगळा सालीत असतो, म्हणून रेड वाइन सालीसकट आंबवतात आणि व्हाइटसाठी आधीच रस पिळून साली बाजूला काढतात, म्हणजे काळ्या द्राक्षांचीही व्हाइट वाइन होऊ शकते. इतकी वर्षं मी उगाच समजत होतो की हिरवी द्राक्षं म्हणजे व्हाइट आणि विषय संपला.

मग रसाचा एक थेंब दुर्बिणीसारख्या दिसणाऱ्या छोट्या यंत्रावर टाकला, 24 ब्रिक्स. हा साखरेचा आकडा, आणि यीस्ट ही साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं, तर 24 ब्रिक्सची साधारण 13 टक्के अल्कोहोलची वाइन होते. पण तोडणी फक्त आकड्यावर नाही ठरत, त्या बिया चावून बघतात, बी हिरवी आणि कडवट लागली की अजून थांबायचं. मीही चावली, तोंड वाकडं झालं.

खरी मजा रेडच्या टाकीत. खाली विस्तव नाही काही नाही आणि आत सगळं खदखदतंय! गॅसमुळे साली वर येऊन जाड थर बसतो, तो वरच राहिला तर कोरडा पडतो, बिघडतो आणि रंगही खाली उतरत नाही, म्हणून दिवसातून दोन-तीनदा दांड्याने खाली दाबायचा. मला दांडा दिला, पहिल्या झटक्यात तो हललाच नाही, आणि टाकीत वाकून बघायला गेलो तर ताई ओरडल्या, तिथे कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो, चक्कर येऊन आत पडायला वेळ लागत नाही. दांडा मुकाट्याने परत दिला. रेडला 25 ते 30 अंश चालतात, व्हाइटला मात्र 12 ते 18 च्या आसपास थंड ठेवतात नाहीतर वास उडून जातो.

पिंपांच्या खोलीत कुणी फार बोलत नाही का कुणास ठाऊक. एका पिंपात 225 लिटर, म्हणजे 300 बाटल्या, आणि लाकडातून थोडी थोडी उडत राहते म्हणून सारखी भरून काठोकाठ ठेवायची, कारण वर हवा राहिली की जिवाणू वाइनचा व्हिनेगर करून टाकतात. आता ते सकाळचं पाईप धुणं कळलं. वाइन का बिघडते हे शोधतानाच तर लुई पाश्चरला 1860 च्या दशकात ती हलकी गरम करायची युक्ती सापडली, तेच आपलं पाश्चरायझेशन.

टाकीतली अर्धवट वाइन चाखायला मिळाली, गढूळ, जिभेला टोचणारी, आणि खरं सांगू, अजिबात आवडली नाही. निघताना मदत म्हणून एक पाईप उचलून बाजूला ठेवला, जमिनीवर. मदतनीसाने काही न बोलता तो उचलला आणि परत धुवायला घेतला.