मतदानाचा रोज

पंधरा दिवसांच्या अंतराने मी दोन निवडणुका पाहिल्या. ५ नोव्हेंबर २०२४ ला इथे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यात फिलाडेल्फियाजवळ, आणि २० नोव्हेंबरला कोल्हापूरजवळ, करवीर तालुक्यातल्या आमच्या गावी. इथे मला मत नाही, पासपोर्ट अजून भारताचा आहे. गावच्या यादीत परदेशस्थ मतदार म्हणून नाव आहे, पण त्यासाठी पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर जावं लागतं. म्हणून यंदा दिवाळीची रजा न घेता ती मतदानाला जोडून घेतली.

ऑक्टोबरमध्ये ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने मला फोनवर एक जाहिरात दाखवली. इलॉन मस्क यांच्या 'अमेरिका पॅक' या राजकीय प्रचारसंस्थेची. भाषणस्वातंत्र्य आणि शस्त्र बाळगण्याचा हक्क यांना पाठिंबा देणाऱ्या निवेदनावर पेनसिल्व्हेनियातल्या मतदाराने सही केली की १०० डॉलर, दुसऱ्या कुणाची सही आणून दिली की आणखी १००. शिवाय सही करणाऱ्यांपैकी एकाला रोज १० लाख डॉलर. कुणाला मत द्या असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. अट एवढीच, की सही करणारा नोंदणीकृत मतदार हवा. सहकाऱ्याच्या बायकोने तोवर नाव नोंदवलेलं नव्हतं. नोंदणीची शेवटची तारीख २१ ऑक्टोबर होती. तिने दोन दिवस आधी नोंदवलं आणि मग सही केली.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात मत देण्यासाठी किंवा मतदार म्हणून नाव नोंदवण्यासाठी पैसे देणं आणि घेणं, दोन्ही गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० डॉलरपर्यंत दंड. मत कुणालाही द्या, गुन्हा तो गुन्हाच. मग इथे पैसे सहीचे की नोंदणीचे? फिलाडेल्फियाचे जिल्हा सरकारी वकील लॅरी क्रॅस्नर यांनी ही बेकायदा लॉटरी आहे म्हणून दावा लावला. सुनावणीत मस्क यांच्या वकिलांनी सांगितलं, की विजेते चिठ्ठी टाकून काढलेलेच नाहीत, संस्थेचा प्रचार करायला निवडलेली ती माणसं आहेत. मतदानाच्या आदल्या दिवशी न्यायाधीशांनी वाटप चालू ठेवायला परवानगी दिली. मला तो निकाल पटला नाही. सहकाऱ्याच्या बायकोने नाव कशासाठी नोंदवलं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

फोनवर हे सगळं ऐकून आण्णा म्हणाले, "म्हंजे आपल्याकडचं पाकीटच की गं."

पाकीट मी लहानपणी पाहिलंय. ग्रामपंचायतीची निवडणूक, आदल्या रात्री अकराचा सुमार. दाराची कडी वाजली, आईने फट उघडली, आणि बाहेरून आवाज आला, "घरात मतं किती?" चार. आईने हात पुढे केला नाही, दारही लावून घेतलं नाही. सकाळी उंबऱ्यावर दगडाखाली पाकीट होतं. आण्णांनी ते परत नेऊन दिलं, आणि त्या घराशी आमचं बोलणं तुटलं ते वर्षभर. गावात त्या रात्रीला 'कत्तलीची रात्र' म्हणतात आणि वाटपाला 'लक्ष्मीदर्शन'. लक्ष्मीचं नाव त्या पाकिटाला दिलेलं मला आजही सहन होत नाही.

"दोन्हीकडचं घ्यावं आणि मत आपल्या मनानं द्यावं" हे वाक्य आपल्याकडे शहाणपण म्हणून सांगतात. पण आपला कायदा या बाबतीत स्वच्छ आहे. भारतीय न्याय संहितेच्या १७० व्या कलमात 'मताचा हक्क बजावायला प्रवृत्त करण्यासाठी' दिलेला मोबदला म्हणजे लाच, आणि घेणाराही त्यात आला. अमक्याला मत दे, असं म्हटलंच पाहिजे अशी अट नाही. शिक्षा एक वर्षापर्यंत. या वेळी कोल्हापुरात राजारामपुरीत एका दुकानाबाहेर 'शाई दाखवा, सवलत मिळवा' अशी पाटी होती. हेतू चांगलाच असणार, पण कलमाचे शब्द काटेकोर वाचले तर तीसुद्धा त्यात बसते असं मला वाटतं. इथे अमेरिकेत २००८ मध्ये स्टारबक्सने मत देणाऱ्यांना फुकट कॉफी जाहीर केली होती, आणि कायद्याची आठवण करून दिल्यावर ती येईल त्या प्रत्येकाला द्यावी लागली.

ज्यांना बक्षिसात काही गैर वाटत नाही त्यांचं म्हणणंही मी मन लावून वाचलंय. २००६ मध्ये ॲरिझोनात मत देणाऱ्यांतून एकाला १० लाख डॉलर द्यायचा प्रस्ताव मतदारांपुढेच ठेवला गेला. जवळपास दोन तृतीयांश लोकांनी तो फेटाळला. लॉस एंजेलिसमध्ये २०१५ च्या शाळा मंडळाच्या निवडणुकीत एका संस्थेने २५,००० डॉलरची सोडत खरंच काढली. केंद्रीय पदाचा उमेदवार मतपत्रिकेवर नव्हता, म्हणून ते कायद्यात बसलं. त्यांचं म्हणणं एकच, की गरीब माणसाला मत देणं महाग पडतं, मग ते थोडं भरून दिलं तर काय बिघडलं?

याचं उत्तर मला शेजारच्या काकीने दिलं. ती गुऱ्हाळावर चिपाडं वाळत घालायला रोजावर जाते. मतदानाच्या सकाळी सात वाजता ती माझ्यापुढे रांगेत होती, सारखी घड्याळ विचारत होती. "उशीर झाला तर अर्धा रोज कापत्यात," म्हणाली. तरी आली होती. करवीर मतदारसंघात त्या दिवशी ८४ टक्क्यांहून जास्त मतदान झालं. त्यात असे कापलेले अर्धे रोज किती असतील? आणि त्याच हंगामात बीडकडून आमच्या फडात ऊस तोडायला आलेल्या टोळीतल्या बायकांनी तर नावच काढलं नाही. त्यांचं मत तिकडे, उचल घेतलेली, मुकादम सोडणार नाही. उमेदवार गाड्या धाडून त्यांना नेतात, पण भाड्याच्या गाडीतून मतदारांना फुकट नेणं हाही आपल्याकडे भ्रष्टाचारच आहे. इथे अमेरिकेत मात्र पक्ष उघडपणे लोकांना केंद्रावर सोडतात.

काकीला बक्षीस नको होतं. तिला तिचा रोज हवा होता. बक्षीस देणारा माणूस मत मोलाने मागतो. ज्याचा रोज बुडाला त्याला तो भरून मिळाला, तर कुणी काही विकत घेतलं असं होत नाही. आणि हे आपल्या कायद्यात आहेच. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १३५ ब हे कलम सांगतं, की मतदानाच्या दिवशी कामगाराला सुट्टी द्यायची, पगार कापायचा नाही, आणि रोजंदारीवाल्यालाही त्या दिवसाचा रोज द्यायचा. कामगार नसल्यामुळे धोका किंवा मोठं नुकसान होणार असेल, तेवढीच सूट. काहिलीत रस उकळत असताना गुळव्या सोडता येत नाही, हे मालक म्हणेल आणि ते खरंही आहे. पण चिपाडं एक दिवस थांबली तर काहील काही करपत नाही. हे कलम मोडणाऱ्या मालकाला दंड किती? ५०० रुपयांपर्यंत. एका पाकिटात तेवढी नोट सहज असते.

संध्याकाळी मी हे सगळं काकीला सांगितलं. तिने शाई लागलेलं बोट पदराला पुसलं, थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "तसा कागद हाय का?"

दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात जाऊन कलमाची मराठी प्रत छापून आणली. काकीला वाचता येत नाही, तिच्या नातीने ओट्यावर बसून मोठ्याने वाचून दाखवली. 'रोजंदारी' शब्द आला तिथे काकीने तिला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. मग कागदाची चौपदरी घडी करून चंचीत ठेवली. म्हणाली, "सोमवारी मालकाला दावते. माझा एकटीचा न्हाई, आमा सातजणींचा अर्धा रोज हाय त्यात."

मी रविवारी निघाले. सोमवारी काय झालं ते विचारायला आज रात्री फोन करणार आहे.