दोन दुर्बिणींच्या मधले आतडे

लोहाच्या गोळ्या घेऊनही आईचे हिमोग्लोबिन वर्षभर पुन्हा पुन्हा खाली येत होते, आणि गॅस्ट्रोस्कोपी (तोंडावाटे जठराची) व कोलोनोस्कोपी (गुदद्वारावाटे मोठ्या आतड्याची) या दुर्बिणीच्या दोन्ही तपासण्यांत काहीच सापडले नव्हते. मधले कित्येक मीटर लांबीचे लहान आतडे या दुर्बिणींच्या आवाक्याबाहेरच राहते, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होते! मागच्या आठवड्यात तिने गिळलेल्या कॅमेऱ्याच्या कॅप्सूलने काही तासांत हजारो छायाचित्रे टिपली. त्यांतल्या मोजक्या चित्रांत आतड्याच्या अस्तरावर फुगलेल्या नाजूक रक्तवाहिन्यांचे लाल ठिपके आणि शेजारी ताजे रक्त दिसले. कॅप्सूल मात्र केवळ पाहते. तिला ना तपासणीसाठी तुकडा काढता येतो, ना रक्त थांबवता येते. म्हणून आज डबल बलून एन्टेरोस्कोपी, म्हणजे दोन फुग्यांच्या नळीने लहान आतड्याची दुर्बीण तपासणी झाली. दोन फुगे आळीपाळीने फुगवत, आतडे दुमडलेल्या बाहीसारखे नळीवर गोळा करत डॉक्टर त्या जागेपर्यंत पोहोचले आणि आर्गॉन वायूतून सोडलेल्या विजेने त्यांनी ते ठिपके डागले. (‘डागणे’ हा आजीच्या तोंडचा शब्द इथे भेटेल, असे वाटले नव्हते.) असे ठिपके पुन्हा उद्भवू शकतात, त्यामुळे हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) अधूनमधून तपासत राहावे लागेल, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. आई आत्ता झोपली आहे.