नुसती घरं बांधतेस

"तू लढत नाहीस गं, नुसती घरं बांधतेस."

दादा हसत हसत बोलला, मागून वहिनीने नाश्त्याला हाक मारली आणि कॉल कट झाला. मला उत्तर द्यायला मिळालंच नाही. रविवार रात्रीपासून हे एक वाक्य माझ्या मागे लागलंय. ऑफिसला जाताना, भाजी निवडताना, आईचं बीपी बघताना, मधेच येतं. रागावून बोलला असता तर भांडून मोकळी झाले असते, पण तो प्रेमाने बोलला, म्हणजे त्याला खरंच तसं वाटतं. हे जास्त लागतं.

गेमबद्दलच बोलला होता तो. राइज ऑफ नेशन्स. २००३ चा गेम, आता मुलं बघतात आणि म्हणतात ग्राफिक्स कसले आहेत हे, पण आम्ही दोघं अजून तोच खेळतो. सांगलीच्या घरी एकच कॉम्प्युटर होता, त्यामुळे एकाने खेळायचं आणि दुसऱ्याने मागे बसून ओरडायचं असं चालायचं, बहुतेक वेळा खेळणारा तोच. २०१४ मध्ये गेमची नवी आवृत्ती स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेम विकणाऱ्या साइटवर, आली तेव्हा त्यानेच मला घेऊन दिली, म्हणाला आता तू तिकडून मी इकडून. तेव्हापासून जमेल तेव्हा रविवारी, त्याच्याकडे सकाळ असते आणि माझ्याकडे रात्र. एन्शंट एजपासून इन्फर्मेशन एजपर्यंत आठ युगं, भाल्यावाल्यांपासून क्षेपणास्त्रापर्यंत सगळा माणसाचा इतिहास, आणि तेवढ्यात इकडे आईचं जेवण आणि गोळ्या होऊन ती झोपलेली पण असते.

तर रविवारी मी रशिया घेतलं होतं आणि त्याने फ्रेंच. मी रशिया घेते कारण अ‍ॅट्रिशन. ज्यांनी हा गेम खेळला नाही त्यांना हे समजणं अवघड आहे, पण या गेमचं सगळं मर्म मला त्यातच वाटतं. प्रत्येक देशाला नकाशावर सीमा असते, रंगीत रेघ, आणि शहरं वसवली, देऊळ बांधलं, किल्ला बांधला की ती रेघ पुढे सरकते. शत्रूचं सैन्य त्या रेघेच्या आत आलं की कुणी हात न लावता त्याचं बळ हळूहळू कमी होत जातं. नुसतं उभं राहिलं तरी. जमीनच त्यांना खाते. आणि रशियाच्या जमिनीवर हे इतरांच्या दुप्पट होतं.

हे काही बनवणाऱ्यांनी हवेतून आणलेलं नाही. जून १८१२ मध्ये नेपोलियन नीमन नदी ओलांडून रशियात शिरला तेव्हा त्याच्याबरोबर सहा लाखांच्या आसपास माणसं होती. रशियन सैन्य मागे मागे जात राहिलं, ७ सप्टेंबरला बोरोदिनोची एक भयंकर लढाई झाली, नंतर त्यांनी मॉस्कोसुद्धा सोडून दिलं. नेपोलियन मॉस्कोत पोचला आणि शहर पेटलं, महिनाभर तो तिथे वाट बघत बसला की झार तहाला येईल, झार आलाच नाही. ऑक्टोबरमध्ये परत फिरला आणि डिसेंबरात रशियाबाहेर पडले ते थोडेसेच. थंडीचं नाव सगळे घेतात पण थंडी पडायच्या आधीच, भर उन्हाळ्यात, भूक आणि रोगराईने त्याचं सैन्य निम्म्यावर यायला लागलं होतं. रसद पोचत नव्हती. लांब अंतर, खराब रस्ते, आणि जमीन संपतच नाही.

मी हे दादाला आधी पण सांगितलंय. आपल्याकडचं उदाहरण पण दिलंय, औरंगजेब १६८२ मध्ये दक्षिणेत आला तो परत गेलाच नाही, १७०७ मध्ये अहमदनगरजवळ वारला, एवढा मोठा बादशहा, एवढा खजिना, आणि एकेका गडाखाली महिनेच्या महिने. यावर दादाचं म्हणणं, अगं पण तिथे संताजी-धनाजी होते, जमिनीने एकटीने नाही केलं ते. बरोबर आहे त्याचं. रशियातही कोसॅक घोडेस्वार होते. पण कोसॅक माझ्याकडे पण होते ना रविवारी! त्याच्या रसदगाड्यांवर पाठवले होते मी, दोन गाड्या फोडल्या सुद्धा. मग "लढत नाहीस" कुठून आलं?

मला वाटतं त्याला ते दिसलंच नाही. तो फ्रेंच घेतो तेच त्या गाड्यांसाठी. सप्लाय वॅगन, म्हणजे रसदगाडी, बरोबर असली की तिच्या आसपासच्या सैन्याला अ‍ॅट्रिशन लागत नाही, आणि फ्रेंचांना तोफखान्याच्या कारखान्याबरोबर ती फुकट मिळते, शिवाय त्यांची वॅगन जखमी सैन्य बरं पण करते. त्यामुळे तो दोन फोडल्या तर तिसरी आणतो. आणि इंडस्ट्रियल एजला पोचल्या पोचल्या स्टॅच्यू ऑफ लिबर्टी बांधला त्याने, गेममधलं एक वंडर, म्हणजे बांधणाऱ्याला खास फायदा देणारी मोठी वास्तू. तो एकदा उभा राहिला की अ‍ॅट्रिशन त्याला लागतच नाही, कुठेही, गाडी असो नसो. मी दीड तास शहर शहर करून जी रेघ पुढे सरकवली होती ती त्या क्षणी नुसती रेघ राहिली. मग तो सरळ चालत आत आला. राजधानी गेली.

आणि वर, नुसती घरं बांधतेस.

बांधतेच मी. खोटं कशाला बोलू. मला ते आवडतं. पहिलं शहर वसवायचं, भोवती शेतं, एका शहराला पाचच शेतं मिळतात आणि प्रत्येक पुढचं शेत आधीच्यापेक्षा महाग पडतं, त्यामुळे विचार करून करावं लागतं. मग दुसरं शहर. दोन शहरं झाली की त्यांच्यामध्ये रस्ता आपोआप उमटतो, मी काढत नाही तो, आणि त्यावरून कारवान, म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा, ये-जा करायला लागतो. सुरुवातीला जनावरं असतात, पुढे त्याचे ट्रक होतात. रस्ता तोच. क्लासिकल एजमध्ये युनिव्हर्सिटी मिळते, तिच्यात एकेक स्कॉलर बसवायचा, आणि ज्ञान नावाची गोष्ट धान्य-लाकडासारखी हळूहळू साठायला लागते. ज्ञानाशिवाय पुढचं युग येत नाही. दादा स्कॉलर कमीच घेतो, म्हणतो तेवढ्यात घोडेस्वार होतात.

या गेमचं अजून एक मला फार आवडतं, ते असं की जंगल संपत नाही. एज ऑफ एम्पायर्स नावाच्या दुसऱ्या गेममध्ये झाडं तोडून तोडून नकाशा बोडका होतो, सोनं संपतं, मग लढल्याशिवाय पर्याय नसतो. इथे एकदा लाकूडतोड्यांचा तळ टाकला की आठही युगं तेच जंगल लाकूड देत राहतं. आणि एखादा माणूस मोकळा राहिला, मी त्याला विसरले, तरी थोड्या वेळाने तो आपणहून काम शोधतो. कुणाला सांगत नाही, तक्रार करत नाही. जाऊन शेतावर उभा राहतो.

सोमवारी रात्री हे सगळं मनात घोळत होतं आणि मला एकदम खूप वाईट वाटलं. जो जातो तो सगळ्यांना दिसतो, कुठे पोचला, काय घेतलं, किती लांब गेला, त्याच्या गोष्टी होतात. जो राहतो त्याचं काय सांगणार? राहिला. बस. सांगलीच्या घराचे कागद टेबलावर पडलेत, मी सही केलेली आहे, त्याची बाकी आहे, तो म्हणतो डिसेंबरात येतो तेव्हा बघू. आई मधेच विचारते की अंगणातला नळ कुणी बंद केला का. मी हो म्हणते. असो. तो विषय नाहीये आत्ता.

हा गेम ज्यांनी डिझाइन केला त्या ब्रायन रेनॉल्ड्सने त्याआधी १९९६ मध्ये सिव्हिलायझेशन टू केला होता, जिथे आपली चाल आपण सावकाश करतो आणि संगणक आपल्यासाठी थांबतो. मला वाटतं शहर, सीमा, ज्ञान हे सगळं त्या बाजूने इथे आलं, आणि घाई, धावपळ, माउसवर पटापट क्लिक हे दुसऱ्या बाजूने, एज ऑफ एम्पायर्ससारख्या गेमच्या. म्हणजे गेममध्येच दोघं आहेत, दादा पण आणि मी पण. मग एकाच्या पद्धतीला खेळणं म्हणायचं आणि दुसरीला घरं बांधणं, हे मला पटत नाही. कितीही वेळा विचार केला तरी पटत नाही.

काल जेवणं झाल्यावर मी त्या मॅचचं रेकॉर्डिंग लावलं. आधी मॅच संपल्यावर येतात ते आलेख बघितले. माझी सैन्याची रेघ खाली खाली आणि ज्ञानाची सगळ्यात वर. हे मला माहीत होतंच. मग रेकॉर्डिंग दादाच्या बाजूने बघितलं, जे मी कधीच करत नाही, हरलेली मॅच परत कोण बघतं.

आणि मला काय दिसलं सांगू? गनपावडर एजमध्ये त्याचं सैन्य माझ्या सीमेवर येऊन थांबलं होतं. बराच वेळ. मला तेव्हा वाटलं होतं की तो दुसरीकडे कुठेतरी बिझी आहे. तो बिझी नव्हता, तो तिथेच होता. एक तुकडी आत पाठवली, तिचं बळ उतरायला लागलं तशी परत बोलावली. परत एकदा दुसऱ्या बाजूने पाठवली, तिथे माझं नवीन देऊळ झालेलं होतं आणि रेघ पुढे आलेली होती, परत बोलावली. मग वॅगनची वाट बघितली. वॅगन आली, त्यातल्या दोन मी फोडल्या, परत थांबला. त्याने त्या मॅचमधला किती वेळ माझ्या रेघेबाहेर काढलाय! आणि लिबर्टी तो उगाच नाही बांधत बसला. त्यासाठी त्याने सगळं विकलं, बाजारात धान्य विकलं, लाकूड विकलं, एक शहर अर्धं सोडून माणसं तिथे लावली. ज्या माणसाला बांधायचा कंटाळा आहे त्याला माझ्या घरांसाठी बांधायला लागलं.

म्हणजे तो ज्याच्याशी लढत होता ती माझी घरंच होती. त्याला आत येऊन बघायला वेळ लागला तो त्यांच्यामुळे. हे त्याला खेळताना कळलं होतं, हाताला कळलं होतं, फक्त बोलताना तसं आलं नाही.

अजून एक दिसलं. त्याचा देश. मी कधी त्याच्या बाजूला गेलेच नव्हते त्यामुळे बघितलाच नव्हता. तीन शहरं, लांब लांब. देऊळ एकातच. शेतं पाचसुद्धा पूर्ण नाहीत. रस्त्यावर एकच कारवान जातोय येतोय, आणि सगळी माणसं सीमेकडे. मला ते बघून कसंतरीच झालं. रात्री साडेअकराला मी वहिनीला विचारणार होते की दादा बरा आहे ना, मग म्हटलं नको, तिला वाटेल काय झालं अचानक.

आज सकाळपासून ते वाक्य तेवढं टोचत नाहीये. आहेच, पण दुखत नाही. तो तसंच खेळणार, लहानपणापासून तो तसाच आहे, कॅरममध्ये पण पहिला राणीवर जायचा. आणि मी अशीच. आमच्यात एक नियम आहे जो कुणीच कधी ठरवला नाही, इन्फर्मेशन एजला पोचलो आणि अणुक्षेपणास्त्र मिळालं तरी दोघंही ते सोडत नाही. गेममध्ये आर्मागेडनचं घड्याळ आहे, प्रत्येक क्षेपणास्त्राबरोबर ते खाली येतं आणि शून्यावर आलं की सगळेच हरतात. त्या घड्याळाला दादाने आजपर्यंत हात लावलेला नाही, कितीही हरत असला तरी. त्याला मी काय म्हणू? लढत नाहीस म्हणू?

दुपारी त्याला मेसेज टाकला, रविवारी परत रशिया, तू फ्रेंचच घे, बदलू नकोस. त्याचं लगेच उत्तर आलं, तिकडे पहाट असणार, झोपत का नाही हा माणूस. म्हणाला चालेल, तयारीत राहा. मी लिहिलं, ते कागद पण बघ जमलं तर. त्यावर अंगठा आला.

तर रविवारसाठी मी ठरवलंय ते असं. कोणतंही वंडर एका मॅचमध्ये एकालाच मिळतं, ज्याचं आधी पूर्ण होईल त्याचं, मग दुसऱ्याला ते बांधताच येत नाही. माझं ज्ञान नेहमीच त्याच्यापुढे असतं, म्हणजे इंडस्ट्रियल एजला मी त्याच्याआधी पोचू शकते, मला फक्त तिसऱ्या शहराच्या आधी युनिव्हर्सिटी पूर्ण भरायला हवी आणि मधल्या काळात जे मिळेल ते न उधळता साठवायला हवं. पोचल्याबरोबर राजधानी सोडून आतल्या शहरात, जिथे त्याच्या तोफा पोचणार नाहीत, सगळी मोकळी माणसं लावून स्टॅच्यू ऑफ लिबर्टी मी बांधणार. मला त्याचा तसा काही उपयोग नाही, मी कुठे त्याच्या हद्दीत जाते. पण त्याला तो मिळणार नाही. मग ये म्हणावं आत, गाड्या घेऊन.