रेख्ट्स फोर लिंक्स: गाठ सुटू लागली, पण चढावर अजून अडते

‘रेख्ट्स फोर लिंक्स’ म्हणजे ‘डावीकडच्याआधी उजवीकडचा’ हा जर्मनीतील चौकाचा नियम; तो ठाऊक असूनही ब्रेकला उशीर का होतो, हा मागच्या नोंदीत अनुत्तरित ठेवलेला प्रश्न या आठवड्यात बराचसा सुटला, म्हणून ठरवल्यापेक्षा लवकर लिहीत आहे. जर्मनीतील स्टुटगार्टच्या पश्चिम भागातील टेम्पो 30 च्या, म्हणजे ताशी 30 किलोमीटर वेगमर्यादेच्या, गल्ल्यांतून पाऊण तासाचा एक अख्खा धडा झाला आणि त्यात प्रशिक्षिकाबाईंचा पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेककडे एकदाही वळला नाही. भारतीय परवान्याच्या उमश्राइबुंगसाठी, म्हणजे तो जर्मन परवान्यात बदलून घेण्यासाठी, जे खटपट करत आहेत त्यांना या शांततेचे मोल वेगळे सांगायला नको.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी स्थिती थोडक्यात अशी आहे. येथे वास्तव्य सुरू झाल्यापासून आपला भारतीय परवाना सहा महिने चालतो आणि त्यानंतर लेखी व प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. लेखी परीक्षेचे 30 प्रश्न आणि 10 दोषगुणांची मर्यादा हा भाग मागे पडला आहे. त्या निकालाची मुदत 12 महिने असल्यामुळे सध्या घाई नाही, परंतु निवांतपणाही परवडणारा नाही.

मूळ अडचण नियम समजण्याची नव्हतीच. चौकात एकही फलक नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, एवढाच तो नियम आहे, आणि भारतातील नियमावलीतही फलक नसलेल्या चौकासाठी हेच लिहिलेले आहे, मग आपण ते पाळत असू वा नसू. फरक आहे तो बाजूचा. आपल्याकडे गाडी डावीकडून चालते, त्यामुळे चौकात शिरताना सर्वांत आधी अंगावर येऊ शकणारे वाहन उजवीकडून येते आणि अग्रहक्कही त्याचाच असतो, म्हणजे धोका आणि नियम एकाच दिशेला असल्याने एकदा उजवीकडे पाहिले की दोन्ही कामे होतात. जर्मनीत गाडी उजवीकडून चालते. जवळचा धोका डावीकडून येतो आणि हक्क मात्र उजवीकडच्याचा असतो. नजर स्वाभाविकपणे जवळच्या धोक्याकडे, म्हणजे डावीकडे जाते, तेथे ती गरजेपेक्षा जास्त रेंगाळते आणि उजवी गल्ली नजरेत येईपर्यंत ब्रेकला उशीर झालेला असतो.

यावर सुरुवातीला जो उपाय केला तो केवळ नजरेचा होता: आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे, आणि हे सर्व मोठ्याने मराठीत बोलत. बोलण्याचा फायदा निश्चित होतो, कारण तोंड बंद पडले की लक्ष कोठे सुटले ते लगेच कळते. परंतु ब्रेकचा उशीर काही केल्या कमी होईना. अखेर वही काढून लेखी परीक्षेतील अंतराची सूत्रे पुन्हा मांडली तेव्हा खरा दोष सापडला. ताशी वेगाला 10 ने भागून 3 ने गुणले की प्रतिक्रियेचे अंतर मीटरमध्ये मिळते, आणि 10 ने भागून आलेल्या संख्येचा वर्ग केला की साध्या ब्रेकचे अंतर मिळते. 30 च्या वेगाला ही बेरीज 18 मीटर होते, 20 ला 10 मीटर आणि 10 ला अवघी 4 मीटर. आता दुसरा आकडा पाहा. चौकाच्या कोपऱ्यापासून 5 मीटरच्या आत गाडी उभी करण्यास येथे मनाई आहे. उजवीकडे रस्त्यापासून वेगळा बांधलेला सायकलमार्ग असेल तर 8 मीटर. याचा अर्थ, दोन्ही कडांना गाड्यांची सलग रांग असलेल्या गल्लीत उजवीकडचे नीट दिसू लागते ते जेमतेम शेवटच्या 5 मीटरमध्ये. तेथे 20 च्या वेगाने पोहोचणाऱ्या माणसाची नजर कितीही तयार असली तरी गाडी वेळेत थांबणार नाही. मान वळवण्याच्या क्रमावर मी महिनोन्महिने डोके खाजवत होतो आणि उत्तर मात्र वेगात होते.

त्यानंतर पद्धत बदलली. कोपरा झाकलेला असेल तर चौकाच्या बऱ्याच आधी दुसरा गिअर, रांग संपण्यापूर्वी वेग 10 च्या आसपास आणि पाय ब्रेकवर तयार. कोपरा मोकळा असेल, म्हणजे उजवीकडे बाग किंवा शाळेचे पटांगण असेल आणि गल्ली दूरवर दिसत असेल, तर 20 ते 25 ने जाण्यास हरकत नसते. प्रत्येक चौकात सरसकट सरपटत जाणेही योग्य नाही, कारण विनाकारण थांबणे वा घुटमळणे हाही परीक्षेत दोषच धरला जातो. येथे लोक ज्याला अर्धा अग्रहक्क म्हणतात तो मला याच टप्प्यावर नीट उमगला: डावीकडच्याने माझ्यासाठी थांबायचे असते, पण मला उजवीकडच्यासाठी थांबावे लागू शकते आणि म्हणून माझा वेग आपोआप मर्यादेत राहतो. चारही बाजूंनी एकाच वेळी गाड्या आल्या तर अग्रहक्क कोणाचाच नसतो आणि एकाने हाताने खुणावून तो सोडावा लागतो. अशा वेळी समोरच्याने दिव्याची उघडझाप केली तर येथे बहुधा ‘तुम्ही जा’ असे सुचवलेले असते; पुण्यात त्याचा अर्थ ‘मी येतोय, बाजूला हो’ असा होतो. केवळ त्या उघडझापीवर विसंबून पुढे जाऊ नये, असे बाईंचे ठाम मत आहे आणि मला ते पटते.

फलक वाचण्याच्या बाबतीतही एक छोटा विजय नोंदवतो. आडव्या रस्त्यावरील फलकाचा चेहरा आपल्याला दिसत नाही, परंतु उलटा त्रिकोण आणि अष्टकोन हे आकार पाठीमागूनही ओळखू येतात आणि ते दिसले की त्या बाजूच्याने थांबायचे आहे हे कळते. त्याचप्रमाणे उजवीकडची वाट खाली बसवलेल्या कडेच्या दगडावरून रस्त्याला मिळत असेल तर तिला अग्रहक्क नसतो, आणि शेतवाटेलाही नसतो. स्टुटगार्टमध्ये शहराच्या आतच उतारांवर द्राक्षमळे असल्यामुळे हा शेतवाटेचा नियम येथे केवळ परीक्षेपुरता राहत नाही.

साधनांविषयी दोन शब्द. आरशावर चिकटवायचे गोल छोटे आरसे मी काढून टाकले. शुल्टरब्लिकसाठी, म्हणजे खांद्यावरून मागे पाहण्यासाठी, मान वळलेली मागच्या आसनावरील परीक्षकाला दिसावी लागते आणि उजव्या वळणापूर्वी सायकलस्वार खरोखर दिसतो तोही मान वळवल्यावरच. प्रश्नसंचाचे सशुल्क ॲप लेखी परीक्षेसाठी उत्तम, रस्त्यासाठी निरुपयोगी. तासाच्या भाड्याने मिळणारे कुंपणबंद सराव मैदान क्लच आणि उलट्या पार्किंगसाठी पैसे वसूल करते, पण तेथे कडेला उभ्या गाड्याच नसल्याने झाकलेल्या कोपऱ्याचा सराव होत नाही.

आता उरलेली अडचण. या शहराचा मध्य खोलगट आहे आणि कडेच्या वस्त्या तीव्र चढावर आहेत. चढाच्या टोकाशी झाकलेला कोपरा आला की 10 च्या वेगात दुसरा गिअर गुदमरतो, पहिला टाकावा लागतो, आणि थांबल्यावर हॅन्डब्रेक, क्लचची पकड आणि उजवीकडची नजर ही तीन कामे एकदम येतात. शिकवणीची डिझेल गाडी क्लचवर स्वतःहून चढते, म्हणून मित्राच्या पेट्रोल गाडीत बसल्याशिवाय आपले कसब कळत नाही; अर्थात परवाना हाती येईपर्यंत ती गाडी त्या मैदानापुरतीच.

पुढचा टप्पा ऑटोबानचा, म्हणजे द्रुतगती महामार्गाचा, ठरला होता, परंतु हे लिहीत असतानाच दुसरा विचार सुचला आहे. आतापर्यंत प्रत्येक चौकात मी एकाच बाजूने शिरत आलो. त्याच चौकात उजव्या गल्लीतून आलो तर माझी वाट पाहणाऱ्या चालकाला मी नेमका केव्हा दिसू लागतो ते समजेल. चढावरचे चौक निवडून आधी पायी फिरून कोणत्या कोपऱ्यावर किती दिसते ते वहीत टिपावे, मग सायकलने आणि त्यानंतर धड्यात गाडीने, असा क्रम योजला आहे. त्यामुळे ऑटोबान पुढे ढकलत आहे. बाईंना अजून सांगायचे आहे.

एका गोष्टीचे उत्तर मात्र वहीतही सापडलेले नाही. कुरियरची उंच व्हॅन नियम मोडून थेट कोपऱ्यावरच उभी असते तेव्हा ते 5 मीटरही हाती राहत नाहीत. सध्या मी पूर्ण थांबून, काच खाली करून, कानोसा घेत इंचाइंचाने पुढे सरकतो. परीक्षेत याहून वेगळे काही करून कोणी उत्तीर्ण झाले असेल तर त्यांनी तो चौक चढावरचा होता की सपाटीवरचा, हे कळवताना आवर्जून लिहावे.