पाकीट परत आलं

लेकीने शाळा सोडली तेव्हा ती 11 वर्षांची होती, आता 13 पूर्ण झाली. या काळातलं तिचं सगळ्यात पक्कं शिक्षण झालं ते एका सुतारकाकांकडे. आठवड्यातले तीन दिवस, सकाळचे दोन तास. आधी नुसता गुण्या लावून काटकोन तपासायचा, मग करवत, मग पटाशी. रंधा हातात यायला चार महिने लागले. रेषांच्या उलट रंधा मारला की लाकूड उपसतं, हे काकांनी आधी सांगितलं नाही. उपसू दिलं, आणि मग न बोलता फळी फिरवून ठेवली.

पहिला महिना संपला तशी मी तिच्याबरोबर पैशांचं पाकीट पाठवलं. ते तसंच परत आलं. मग मी स्वतः गेले. काका म्हणाले, "ताई, पैसे घेतले की महिन्याचा हिशोब द्यावा लागतो. मला घाई नाही."

मला ते जड गेलं. फी भरली की आपण मोकळे. पटलं नाही तर बोलता येतं, सोडता येतं. फुकट मिळालेलं सोडायचं कसं?

मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकाने 1925 मध्ये भेटवस्तूंवरच्या निबंधात हेच मांडलं होतं: द्यावं लागतं, घ्यावं लागतं आणि फेडावंही लागतं. भेट वरवर मोकळी दिसते, आतून ती बांधते. हे मला कळलं ते मात्र निबंधातून नाही.

सातव्या महिन्यात लेक म्हणाली, "काही दिवस जायचं नाहीये." आणि मी बोलून गेले, "ते एक पैसा न घेता शिकवतात, आणि तुझी ही तऱ्हा?" काकांनी जे प्रेमाने दिलं होतं, त्याचा मी चाबूक केला. शाळेतल्या कुठल्याही शिक्षेपेक्षा ते वाईट होतं. ती रडली. दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन काकांना सांगून आली. त्यांनी तिच्याजवळ एक छोटा रंधा दिला आणि म्हणाले, "पात्याला तेल लावत जा, गंजेल." तीन आठवड्यांनी ती आपणहून गेली.

एक गोष्ट मला अजून टोचते. काका आम्हाला मिळाले, कारण माझी त्यांची ओळख होती. ज्या मुलांच्या आईवडिलांना दिवसभर कामातून मान वर करता येत नाही, त्यांनी कुठे शोधायचं? शाळाव्यवस्थेवर टीका करणाऱ्या इवान इलिच या विचारवंताने 1971 मध्ये शाळेऐवजी शिकण्याची जाळी सुचवली: कोणाला काय येतं आणि कोण शिकवायला तयार आहे, हे सगळ्यांना कळावं. त्यात प्रत्येकाला शिकण्यासाठी पत, म्हणजे खर्चता येईल अशी जमा, मिळावी आणि शिकवून ती आणखी कमावता यावी, असंही होतं. तिथे माझं त्याच्याशी जमत नाही. ते पुन्हा पाकीटच झालं. यादी मात्र हवीच.

म्हणून मी वही घातली आहे. आतापर्यंत 14 नावं झाली. त्यातल्या तिघांनी पैसे लागतील असं सांगितलं, तेही तसंच लिहिलंय. ज्याचं पोट त्या हुन्नरावर आहे त्याच्याकडून भेटीची अपेक्षा धरणं ही लूट आहे.

काल वही उघडली तर पंधरावी ओळ लेकीच्या अक्षरात होती: "रंधा मारणे. फक्त सरळ रेषांचं लाकूड. गाठीचं अजून येत नाही."