दत्ताताईची टाकी

मालदीवमध्ये तीन वर्षं काढून आलो असं सांगितलं की समोरचा आधी विचारतो, "मजा आहे बाबा! ते पाण्यावरचे बंगले बघितलेस का?" आणि लगेच दुसरा प्रश्न, "बुडणार आहे ना रे तो देश?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. बघितले, बोटीतून, लांबून. दुसऱ्याचं एका वाक्यात येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

मी रिसॉर्टवर नव्हतो. रा अटॉल, म्हणजे प्रवाळबेटांचं एक कडं, त्यातल्या एका वस्तीच्या बेटावर, समुद्राचं पाणी गोडं करायच्या प्लांटवर ऑपरेटर होतो. बेट एवढंसं की जेवून शतपावलीला निघालं तर पाऊण तासात पुन्हा आपल्याच दारात. पहिल्याच आठवड्यात मी हेल्परला विचारलं, इथली सगळ्यात उंच जागा कुठली? त्याने मशिदीच्या वरच्या पायरीकडे बोट दाखवलं. थट्टाच, पण फार खोटी नव्हती. देशात हजाराच्या वर बेटं, त्यातली दोनशेच्या आत वस्तीची, आणि समुद्रापासून सरासरी उंची दीड मीटर. म्हणजे माझ्या खांद्याच्या आसपास.

शेजारी एक पन्नाशीची बाई राहायची, तिला सगळे दत्ता म्हणायचे. धिवेहीत, म्हणजे तिकडच्या भाषेत, दत्ता म्हणजे थोरली बहीण. मला आमचा दत्तूमामा आठवून हसू आवरेना. मग मी तिला दत्ताताई म्हणायला लागलो, म्हणजे खरं तर ताईताई. भाषा अशी मध्येच ओळखीची वाटायची. मासा तो मस. झोळीसारखी विणलेली बसायची खुर्ची, ती जोली. मोजायला लागले की एके, दे, तिने. आणि नैर्ऋत्येच्या मोसमात लाट चढून वस्तीत शिरते, तिला म्हणतात उधा. गुहागरकडच्या माणसाला उधाण काय असतं ते सांगायला नको.

दत्ताताईच्या अंगणात तीन पाणी होती. विहिरीचं, टाकीचं आणि नळाचं. विहीर कसली, उभ्या माणसाचा हात पाण्याला लागेल एवढी. त्या पाण्याने संडास, फरशी, झाडं. पूर्वी तेच पीत असत. आता एकीकडून शोषखड्डे, दुसरीकडून मीठ. २००४ च्या सुनामीत समुद्र विहिरींतच शिरला होता, तेव्हापासून तिच्या घरात कुणी ते तोंडात घेतलं नाही.

असल्या बेटाच्या पोटात दगड नाही, प्रवाळाची वाळू आहे. तिच्यात मुरलेलं पावसाचं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर सायीसारखं तरंगत राहतं, कारण ते हलकं असतं. समुद्र चढला, कडा खाल्ल्या, बेट अरुंद झालं की साय पातळ होते. लोक उपसतात तेव्हा आणखी पातळ. त्यातून एखादी उधा आत आली की वरूनच मीठ पडतं आणि पुढचे कित्येक पाऊस ते धुण्यात जातात. तेव्हा 'बुडणार का' हा प्रश्न जरा नंतरचा. बेट पाण्याखाली जायच्या कितीतरी आधी विहीर मचूळ होते, आणि ती झालीच आहे.

नळाला पाणी माझ्या प्लांटचं. मी मोठ्या अभिमानाने तिला पाण्यातले क्षार मोजायचा मीटर दाखवला. समुद्र पस्तीस हजार, नळ तीनशेच्या आत. तिने घोटभर घेतलं, जिभेवर फिरवलं आणि म्हणाली, चव नाही. कपड्यांना बरं आहे. प्यायचं ते वारे फेन, पावसाचं पाणी. पत्र्याला पन्हळ, पन्हळीला पाइप, पाइप अडीच हजार लिटरच्या प्लास्टिकच्या टाकीत. मोसमाचा पहिला पाऊस ती सोडून द्यायची, पत्रा धुऊन निघेपर्यंत. दुसऱ्या सरीला पाइप आत. सर सुरू झाली की दत्ताताई हातातलं काम टाकून आधी त्या पाइपकडे पळायची.

ऑपरेटर म्हणून मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. मग दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टात हाय प्रेशर पंपाचं सील गेलं. ज्याच्याकडून स्पेअर मागवला त्याने चुकीच्या मापाचा पाठवला. दुसरा राजधानी मालेहून निघेपर्यंत दर्या खवळलेला, बोटी बंद. सहा दिवस प्लांट ठप्प. मी हात काळे करून बसलेलो आणि गाव शाळेच्या, मशिदीच्या टाक्यांतून पाणी भरतंय. पावसाचे दिवस होते म्हणून निभावलं. दत्ताताईने मला एक कॅन आणून दिला, वर एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

हेच राजधानीत झालं तेव्हा काय अवस्था झाली ते आठवत असेल. डिसेंबर २०१४ मध्ये मालेच्या पाणी प्लांटला आग लागली आणि लाखावर लोकांचं शहर कोरडं पडलं. आपल्या हवाई दलाची विमानं बाटल्या घेऊन गेली, नौदलाचं 'सुकन्या' जहाज गेलं, त्याच्यावर पाणी गोडं करायची सोय होती. एका शहराचं सगळं पिणं एका यंत्रावर टांगलेलं होतं.

पण नुसत्या पावसावरही भागत नाही, हे मार्चमध्ये कळलं. जानेवारी ते एप्रिल तिकडे कोरडा मोसम, इरुवई. पाऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे साठ चौरस मीटरच्या पत्र्यावर लाखभर लिटर कोसळतं. पडतं भरपूर, ठेवायला जागा नाही. पाच माणसं, माणशी चार लिटर प्यायला-शिजवायला, तर अडीच हजारांची टाकी एकशेपंचवीस दिवस जाते. हिशेब काठावर बसतो. पाऊस पंधरा दिवस लांबला, घरात माहेरवाशीण आली, की संपलं. दर उन्हाळ्यात सरकारला कुठल्या ना कुठल्या बेटावर बोटीने पाणी पाठवावं लागतं. त्या मार्चमध्ये दत्ताताई बादली घेऊन प्लांटच्या दारात उभी राहिली. मीही एक शब्द बोललो नाही.

मग बेटाच्या कौन्सिलने केलं ते अगदी साधं होतं. शाळा, दवाखाना, कौन्सिल ऑफिस, सगळ्यांच्या छपरांचं पाणी पाइपने एका मोठ्या टाकीत आणलं आणि ती प्लांटच्या लाइनला जोडली. पावसात यंत्र कमी चालवायचं, उन्हाळ्यात जास्त. याचा मला वेगळा आनंद, कारण आमचं पाणी म्हणजे डिझेल. हजार लिटरला चार-पाच युनिट वीज, म्हणजे लिटर-सव्वा लिटर डिझेल, तेही बोटीने आलेलं. ज्या धुराने समुद्र चढतोय तोच सोडून प्यायचं पाणी काढायचं. पुढे शाळेच्या छपरावर सोलर आलं. रात्री जनरेटर लागायचाच, पण दिवसा त्याचा आवाज थांबला तेव्हा पहिल्यांदा कळलं की बेटावर एवढे कावळे आहेत.

मोठे उपायही पाहिले. मालेच्या भोवती जपानच्या मदतीने बांधलेली भिंत आहे, आपल्या मरीन ड्राइव्हसारखे टेट्रापॉड. १९८७ च्या लाटांनी शहरात पाणी भरल्यानंतरची ती. शेजारी हुलहुमाले, १९९७ पासून वाळू उपसून, भर घालून केलेलं नवं बेट, समुद्रापासून दोन मीटर उंच. राजधानीपुरतं ते पटतं. पण सगळीकडे भिंती आणि भराव हे मला पटत नाही. तिकडची वाळू चालती आहे. नैर्ऋत्य मोसमात बेटाच्या एका अंगाला जाते, ईशान्य मोसमात परत येते. मध्ये धक्का बांधला की ती अडते, एका बाजूला साचते, दुसऱ्या बाजूची माडांची मुळं उघडी पडतात. आमच्या बेटावर बंदराच्या पलीकडे हेच झालं होतं. कोकणात धूप प्रतिबंधक बंधारा संपतो तिथून पुढच्या वाडीचं काय होतं, ते ज्याने पाहिलंय त्याला हे समजेल. आणि ही वाळू बनवतो कोण, तर बऱ्याच अंशी प्रवाळ कुरतडणारा पोपटमासा. १९९८ आणि २०१६ मध्ये पाणी तापून प्रवाळ पांढरे पडले. प्रवाळ मेला की आजची लाट अडत नाही आणि उद्याची वाळू येत नाही. त्यामुळे प्रवाळ आणि तो मासा सांभाळणं हीसुद्धा बांधकामातली कामंच म्हणायची.

सगळ्यांना उचलून दुसरीकडे न्यायचं, हाही एक उपाय. आमच्याच अटॉलमध्ये कंधोलुधू हे बेट सुनामीत राहण्याजोगं उरलं नाही. लोक चार वर्षं इकडेतिकडे तात्पुरत्या निवाऱ्यांत राहिले, मग दुवाफारू या ओसाड बेटावर रेड क्रॉसने त्यांच्यासाठी नवं गाव वसवलं. मी तिथे पंपाच्या कामाला गेलो होतो. सरळ रस्ते, नीट घरं, पाण्याची सोय. एका म्हाताऱ्याला विचारलं, बरं आहे ना इथे? म्हणाला, बरं आहे. मग बराच वेळ जोलीत झुलत राहिला. तिकडचा मासा इकडे कुठे बसतो हे शिकायला पाच वर्षं गेली, म्हणाला.

पैसा हे दुखणं आहेच. १९८७ मध्ये त्यांचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष गयूम संयुक्त राष्ट्रांत जाऊन चढत्या समुद्राबद्दल बोलून आले. २००९ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष नशीद यांनी मंत्रिमंडळाची बैठक पाण्याखाली घेतली, तो फोटो जगभर गेला. हवामान बदलाच्या नुकसानभरपाईचा जागतिक निधी ठरायला मात्र २०२२ उजाडलं. तोवर त्यांनी पर्यटकांवर ग्रीन टॅक्स लावला, २०१५ पासून, रिसॉर्टमध्ये माणशी दिवसाला सहा डॉलर, आता बारा. हे मला आवडतं. जो विमानाने धूर सोडत येतो त्याने नळाला थोडं द्यावं.

परत आल्यावर पहिल्याच मेमध्ये मी घराच्या पत्र्याला पन्हळ बसवली. आमची विहीर खाडीच्या अंगाला, एप्रिलपासून मचूळ. पहिला पाऊस सोडायचा, मग पाइप आत, सगळं आईला समजावून सांगितलं, मीटर दाखवला. तिने ऐकून घेतलं.

"एवढ्या लांब जाऊन हे शिकलास?" म्हणाली. "पागोळीखाली हंडा माझी आजी लावायची."

टाकी भरली आहे. हंडाही तिथेच आहे, पागोळीखाली. तो काढायला ती तयार नाही.