तुम्ही विचारलंत म्हणून: आपलं नाट्यसंगीत असताना हे कशाला?

मी ऑपेरा गातो, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीचं संगीत नाटक. कार्यक्रम संपला की कुणीतरी ज्येष्ठ रसिक जवळ येतात, माझा हात हातात घेतात आणि विचारतात, "आवाज छान आहे हो तुमचा. पण आपलं नाट्यसंगीत असताना हे इटालियन कशाला?" मागे लोक खोळंबलेले असतात, म्हणून मी नमस्कार करून निघतो. आज नीट सांगतो.

मी गिरगावातला. लहानपणी ऑपेरा हाऊस म्हणजे आमचा बसचा स्टॉप आणि हिरेबाजाराची गर्दी. १९१२ साली पुरं झालेलं ते थिएटर १९९३ ला बंद पडलं आणि २०१६ पर्यंत बंदच राहिलं. घरात मात्र नाट्यपदं होती. आजोबा त्यांच्या वडिलांकडून ऐकलेली एक गोष्ट सांगायचे. १९२१ चा 'संयुक्त मानापमान', बालगंधर्वांची भामिनी, केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. शेवटी म्हणायचे, "माईक नव्हता रे तेव्हा." त्या गोष्टीतलं माझ्या मनात राहिलं ते एवढंच.

मी सात वर्षं नाट्यसंगीत शिकलो. प्रत्येक वेळी तोंडासमोर माईक. मग एकदा एनसीपीए या मुंबईतल्या कलाकेंद्राच्या जमशेद भाभा थिएटरात वरच्या मजल्यावर बसून ऑपेरा ऐकला. खाली अख्खा ऑर्केस्ट्रा वाजतोय आणि एका माणसाचा उघडा आवाज त्यावरून थेट माझ्यापर्यंत येतोय! आजोबांची गोष्ट डोळ्यांसमोर घडत होती. मी तिथेच ठरवलं.

हे ओरडणं नाही. ऑर्केस्ट्राचा जोर साधारण ५०० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला ५०० कंपनांच्या) आसपास सर्वांत जास्त असतो, त्याच्या वर तो उतरत जातो. पुरुष गायकानं स्वरयंत्र खाली आणि घसा मोकळा ठेवला, तर ३००० हर्ट्झच्या आसपास आवाजाला एक धार येते. तिथे वाद्यांची गर्दी कमी आणि आपला कान तिखट. आवाज पोचतो तो त्या फटीतून. मला हे उमगायला सहा वर्षं लागली. मधे एका शिक्षकांनी "जोर लाव" सांगितलं, मी लावला, आणि चार महिने आवाज बसला. तो काळ आठवला की अजून घसा कोरडा पडतो.

उच्चारांत मात्र मराठीनं मला उचलून धरलं. इटालियन त आणि द आपल्यासारखेच दातांवरचे. नोत्ते म्हणजे रात्र. त्यातला जोड त आपण 'पत्ता' म्हणतो तसाच. ग्रात्सिए (धन्यवाद) मध्ये चमच्यातला च, चेलो (आकाश) मध्ये चिंचेतला. आई मराठीची शिक्षिका, लहानपणी तिनं पाठांतर घेताना एक अक्षर गिळू दिलं नाही. ती शिस्त इथे कामी आली.

गमावलंही आहे. आपला गायक स्वतःचा सा निवडतो, वन्स मोअरला सुरांची नवी जागा घेतो. इथे संगीतकार व्हेर्दीनं लिहिलेला सूर, तिथेच आणि तेवढाच. हरकत, म्हणजे सुरांची छोटी लकेर, घ्यायला गळा शिवशिवतो, आवरावं लागतं. पोटापाण्याचं म्हणाल, तर मुंबईत बारा महिने चालणारी ऑपेरा कंपनी नाही. वर्षाकाठी काही मैफली, कधी कोरसमधलं काम, बाकी शिकवण्या. माझा आवाज बॅरिटोन, म्हणजे पुरुषांचा मधल्या पट्टीतला; तो उशिरा पिकतो, हा मला मोठा आधार वाटतो.

आणि हे परकं म्हणाल, तर १८५३ साली व्हेनिसमध्ये व्हेर्दीचा ऑपेरा 'ला त्राव्हियाता' पहिल्यांदा झाला, त्याच वर्षी विष्णुदास भाव्यांची मंडळी मुंबईत ग्रँट रोडला खेळ करत होती. दोन्हीकडे माणसं गाऊन गोष्ट सांगत होती, आणि उघड्या गळ्यानं.

त्याच 'त्राव्हियाता'त जेर्माँ नावाचा बाप आपल्या मुलाला प्रोव्हान्सच्या समुद्राची, मातीची आठवण देऊन घरी बोलावतो. गेल्या वर्षी मी ते गायलो. आई मुद्दाम शेवटच्या रांगेत बसली होती. नंतर जिन्यावर भेटली. गाण्याबद्दल काहीच बोलली नाही. पदर सावरत म्हणाली, "सगळे त ऐकू आले."